एका घरात दोन शाळा

फोंडा, गोवा
२७ डिसेंबर २०२५

प्रिय शमे,

दिवाळीतल्या तुझ्या लांबलचक मेसेजला उत्तर नाताळच्या सुट्टीत देतेय. फोनवर दोन ओळी खरडून मोकळी झाले असते, पण तुझ्या-माझ्यात तसलं चालत नाही. ‘वर्ष कुठे गेलं कळलंच नाही,’ असं तू लिहिलंयस. मला मात्र पक्कं कळलंय. बैस, सांगते.

सुरुवात एप्रिलपासून करावी लागेल, कारण घडी विस्कटली ती तिथे. मनू सहावीत गेली. यंदा गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचं शाळेचं वर्ष जूनऐवजी ७ एप्रिललाच सुरू केलं. नव्या शैक्षणिक धोरणाचा भाग म्हणे. पालकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, पण शाळा ठरल्या दिवशी उघडल्याच. आता आमच्या घरातलं चित्र बघ. मनूचं सहावीचं वर्ष सुरू, बाबूचं केजीचं वर्ष अजून संपायचंय, आणि मी सरकारी मराठी प्राथमिकची बाई, माझ्या पोरांच्या परीक्षा तोंडावर. त्यात नवऱ्याची कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांची नोकरी. पहिल्या पाळीला तो पहाटेच घर सोडतो आणि रात्रपाळीहून येतो तेव्हा आम्ही तिघं दारात चपला शोधत असतो. कुणी कुणाला सोडायचं, कुणाचा डबा, दुपारी मनू आली की दार कोण उघडणार, हे सगळं सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पाळी बदलली की खोडायचं, पुन्हा लिहायचं. त्या पानाला शेवटी भोक पडलं.

मास्तरीण म्हणून विचारशील तर एप्रिलच्या शाळेत मला तथ्य दिसतं. जूनमध्ये पाऊस, ताप, ओल्या दप्तरांत पहिला महिना वाहून जातो, तेवढे धडे आधीच शिकवून होतात. आई म्हणून विचारशील तर एप्रिल हा काजूचा महिना. माहेरी डिचोलीला बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला जायचं, बिया भाजायच्या, हात काळे करून घ्यायचे. मनू गेली नाही, म्हणून बाबूही गेला नाही. ‘ताई नाही तर मी नाही.’ माझ्या आईने भाजलेल्या बिया डब्यातून पाठवल्या. चव तीच होती, पण मनूने ‘यात मजा नाही’ म्हणून डबा बाजूला सारला.

मे महिन्यात हायसं वाटेल असं वाटलं होतं. तुला आठवतं ना, आमच्याकडे मे म्हणजे पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी. मिरच्या, सुकी मासळी, साठं, आणि सोलं. तुम्हा पुणेकरांना आमसूल पाकिटात मिळतं, म्हणून सांगते. पिकलेली भिरणं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, बिया-गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची. संध्याकाळी ती मीठ घातलेल्या गराच्या रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. असं दिवसामागून दिवस चालतं, साल काळंभोर आणि मऊ होईपर्यंत. सासूबाईंनी यंदा दोन सुपं भरून घातली होती. आणि पाऊस आला. नुसता वळीव नव्हे गं, मान्सूनच. केरळात २४ मेला पोचला आणि पाठोपाठ आमच्या डोक्यावर. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, त्याआधी घरावरची कौलं परतून होतात. यंदा कौलं परतणारा माणूसच आमच्या छपरावरून घाईने खाली उतरला आणि आम्ही अर्ध्या घरात बादल्या मांडल्या.

अर्धवट वाळलेल्या सोलांवर बुरशीची पांढरी साय धरायला लागली. मी म्हटलं, टाकून देऊ, विकत आणू. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प. न्हाणीत पाणी तापवायचं मोठं भाण आहे, त्याखाली अजून लाकडं जळतात. त्याच्यावर सुपं टांगली. सालं पुसून, नव्याने मीठ लावून, धुराच्या उबेत ठेवली. आठवडाभर आंघोळीला गेलं की डोक्यावर सुपं लोंबकळत आणि अंगाला आंबट-धुरकट वास. बाबूला केजीतल्या मित्राने विचारलं, ‘तुझ्या घरी कढी शिजते का?’ पण सोलं टिकली. थोडी धुरकट लागतात, नवऱ्याला तीच आवडायला लागलीत. तुझ्यासाठी बरणी भरून ठेवली आहे.

जूनमध्ये घड्याळ जरा ताळ्यावर आलं. मनूला बालरथ, म्हणजे शाळेची बस, नेतो, तो वळणावर वाजला की ती वेणीची रिबन दातात धरून पळते. बाबूला मी स्कूटरवरून सोडते. माझ्या शाळेबद्दल काय सांगू? पहिलीत पोरं इतकी कमी की हजेरी घ्यायला नावांची गरज नाही, चेहरे बघून कळतं. त्यातली निम्मी कर्नाटकातून कामाला आलेल्यांची. घरी कन्नड, अंगणात कोकणी, वर्गात मराठी. तीन महिन्यांत ती तिन्ही बोलतात, आणि मला म्हणतात, ‘बाई, पावभाजी कधी?’ मध्यान्ह आहारात बहुतेकदा पाव आणि पातळ भाजी असते, तिची चर्चा सकाळच्या प्रार्थनेपासून सुरू. मनूला इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून एका सहकारी बाईंनी मला टोमणा मारला. मी उत्तर दिलं नाही. मनूला मराठी घरी वाचायला येतं, आजीचं पोथीवाचन ती ऐकते, आणि बाकीचा वाद घालायला मला वेळ नव्हता.

चवथीचं थोडक्यात आटपते. २७ ऑगस्टला गणपती बसले. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचं काम यंदा पहिल्यांदा नवऱ्याकडे आलं, सासरे गेल्यानंतर काकांनी ते सांभाळलं होतं आणि त्यांचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. केवणीच्या दोराने आंबाडे, तोरंजनं, बेड्यांचे म्हणजे सुपारीचे घड, हरणांची रानफुलं बांधायची. खाली काका खुर्चीत बसून ‘घट्ट, अजून घट्ट’ करत होते. आरतीला घुमट, म्हणजे मातीच्या घटाचं चामडं ताणलेलं वाद्य, वाजवायला शेजारची पोरं आली, त्यांत बाबूने थाळी बडवून घेतली. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मी आणि जावेने मिळून रात्री बारापर्यंत तळल्या. बस.

खरी परीक्षा नोव्हेंबरमध्ये झाली. मतदार याद्यांची विशेष उजळणी निघाली आणि माझ्या वाट्याला एक प्रभाग आला. ४ नोव्हेंबरपासून शाळा सुटली की फॉर्मची थैली घेऊन दारोदार. प्रत्येकाला विचारायचं, २००२ च्या यादीत तुमचं किंवा तुमच्या आईबापाचं नाव कुठे आहे? गावातली अर्धी दारं बंद. कुणी मुंबईत, कुणी पोर्तुगालच्या पासपोर्टावर लंडनला, कुणी आखातात. कुलपाला गंज, अंगणात मात्र शेजाऱ्याने वाळत घातलेलं ताजं भात. एका म्हाताऱ्या बाईने मला बसवलं, पाणी आणि गुळाचा खडा दिला, मग पेटीतून कागदांची चळत काढली. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, यादीत छापलेलं तिसरंच नाव. तिन्ही तीच. ‘बाई, तू जे लिहिशील तें बरें,’ म्हणाली. अगं, हे मी कसं ठरवणार? दोनदा गेले तिच्याकडे. दुसऱ्या खेपेला तिच्या भाच्याने जुना उतारा शोधून ठेवला होता.

त्या महिन्यात घर नवऱ्याने चालवलं. त्याने कंपनीत भांडून जनरल पाळी मागून घेतली, पगारातला रात्रपाळीचा भत्ता गेला. आम्ही हिशेब मांडला, पोस्टातली आवर्ती ठेव कमी केली. मी रात्री फॉर्म मोबाइलवर चढवत बसायची आणि तो मनूला अपूर्णांक शिकवायचा. त्याची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी आहे, पावाच्या तुकड्यांवर. मनूला कळलं. मी बाई असून तिला ते वर्गातल्यासारखं शिकवत होते, तिला कंटाळा यायचा.

मला त्याचं कौतुक करायचं नाही, शमे. आपापल्या घरात पुरुषाने डबा भरला की आपण बायका आरती ओवाळतो, ते मला पटत नाही. पण त्याने भत्ता सोडला हे सासूबाईंना अजून पचलेलं नाही, आणि तो त्यांच्याशी वाद न घालता रोज सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव घेऊन येतो, चहा ठेवतो. हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, एवढंच.

जानेवारीपासून त्याच्या पाळ्यांचं काय होणार, अजून ठरलेलं नाही. एप्रिलमध्ये मनू सातवीत जाईल, बाबूलाही पुढच्या इयत्तेची दप्तर-खरेदी आलीच. तू फेब्रुवारीत ये. मे मुळीच नको, छप्पर तेव्हा उघडं असेल. येताना भाकरवडी आण, आणि तुझ्या लेकीची आखूड झालेली जीन्स फेकू नकोस, मनूला होतील. सोलांची बरणी जड आहे, रिकामी बॅग घेऊन ये.

सासूबाईंनी तुला आशीर्वाद सांगितलेत. बाबूने विचारलंय, मावशीच्या घरी अजून ते मांजर आहे का?

तुझी,
विद्या