विकताना क्रीडा साहित्य, परत घेताना शस्त्र

सोलापूर,
दि. १३ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचं नाव व पत्ता पाकिटावर आहे)

विषय : नवीन म्हणून विकलेली १० मीटर एअर रायफल जुनी निघाल्याबाबत, बदलून मिळावी किंवा पूर्ण पैसे परत मिळावेत.

महोदय,

६ जानेवारी २०२५ रोजी मी आपल्याकडे २,३४,५०० रुपये भरून जर्मन बनावटीची एक मॅच (म्हणजे स्पर्धेची) एअर रायफल घेतली. २२ जानेवारीला ती ट्रान्सपोर्टने सोलापुरात आली. पावतीवर 'नवीन, पेटीबंद' असं छापलेलं आहे. ती नवीन नव्हती. गेला सव्वा महिना हे मी फोनवर आणि ईमेलवर सांगतोय, आता कागदावर सांगतो.

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचे लूम चालवतो. वय ५१. रायफल मुलासाठी नाही, माझ्यासाठी घेतली. हे मुद्दाम लिहावं लागतंय, कारण आपल्या विक्री प्रतिनिधीने मला तीन वेळा 'बाळ कितवीत आहे?' असं विचारलं होतं. निशाण लावायची हौस मला लहानपणापासूनची, सिद्धेश्वराच्या गड्ड्यातली. संक्रांतीला होम मैदानावर फुगे फोडायच्या बंदुका मांडलेल्या असत. त्यांच्या नळ्या वाकड्या असायच्या आणि ते फुगेवाल्यालाही ठाऊक असायचं. दोन छर्रे चुकले की तोच म्हणायचा, "जरा डावीकडं धर की." त्या माणसाची मला अलीकडे फार आठवण येते.

मुद्दा पहिला, सिलेंडरचा, म्हणजे नळीखालच्या हवेच्या टाकीचा. ५ एप्रिलला मी रायफल घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. तिथल्या एका प्रशिक्षकांना ती दाखवायची होती, कारण मार्चपासून निशाण एका जागी बसत नव्हतं आणि दोष माझ्या खांद्याचा की रायफलीचा हे कळत नव्हतं. (सोलापूर स्टेशनवर रेल्वे पोलिसाने पेटी उघडायला लावली. आपल्या पावतीवरचे 'क्रीडा साहित्य' हे शब्द वाचून "जावा" म्हणाला. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) प्रशिक्षकांनी रायफल खांद्याला लावलीसुद्धा नाही. सिलेंडर फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ही तर म्हातारी आहे." सिलेंडरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. माझ्या सिलेंडरवर आहे ०३/१७.

या सिलेंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते. माझ्या शेडमधला कॉम्प्रेसर सात-आठ बारवर चालतो आणि त्याच्याही टाकीला मी जपून असतो, म्हणजे २०० बार काय असतं ते आपल्याला समजावं. म्हणूनच रायफल बनवणारा कारखाना या सिलेंडरचं आयुष्य उत्पादनापासून १० वर्षं धरतो. नंतर तो वापरायचा नाही. स्पर्धेच्या वेळी साहित्य तपासणीत मुदत पाहिली जाऊ शकते, आणि मुदतीतला सिलेंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. माझ्या सिलेंडरची १० वर्षं मार्च २०२७ मध्ये भरतात. मी पैसे दिले तेव्हा त्याचं आयुष्य जेमतेम सव्वादोन वर्षं उरलेलं होतं. पावणेआठ वर्षं तो कुठे होता? आपल्या गोदामात, की दुसऱ्या कुणाच्या हातात?

माझा संशय या दुसऱ्या शक्यतेवर आहे, आणि त्याला कारण आहे. कारखान्यातून निघताना प्रत्येक मॅच रायफल स्टँडला बांधून तिच्यातून काही छर्रे मारतात आणि ते निशाणपत्र रायफलीचा क्रमांक घालून पेटीत ठेवतात. माझ्या पेटीत असं पत्र आहे. भोकं सुरेख, पाचही एकात एक. फक्त पत्रावरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे माझ्या रायफलीवरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. म्हणजे ही सुरेख भोकं दुसऱ्याच कुठल्यातरी रायफलीची. त्यात दस्त्याच्या दोन स्क्रूंच्या खाचा घासलेल्या आहेत, पान्याने कुणीतरी बऱ्याचदा पिळल्यासारख्या. पेटी उघडली त्या दिवशी मला हे दिसलं होतं. 'कारखान्यात जुळवताना झालं असेल' असं मनाला सांगून मी गप्प बसलो. नवीन वस्तूच्या आनंदात माणूस आंधळा होतो, तेवढी चूक माझी.

मुद्दा दुसरा, गळतीचा. रात्री २०० बार भरून ठेवलेला सिलेंडर सकाळी १७० दाखवतो. साबणाचा फेस लावला की झडपेपाशी बुडबुडे येतात, सायकलच्या ट्यूबला येतात तसे. पुण्यात वेगमापकावर १० छर्रे मारून पाहिले. सगळ्यात हळू छर्रा सेकंदाला १४९ मीटर, सगळ्यात जोरात १७१. चांगल्या मॅच रायफलीत हा फरक दोन-तीन मीटरच्या पुढे जात नाही. फोनवरच्या मुलाने यावर "सर, तेवढं चालतं" असं सांगितलं, म्हणून हिशेब मांडतो. १७० ने सुटलेला छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत साधारण १७ मि.मी. खाली येतो, १५० ने सुटलेला साधारण २२. फरक ५ मि.मी. एअर रायफलच्या निशाणपत्रावर एका वर्तुळापासून दुसरं वर्तुळ, म्हणजे एक गुण, अडीच मि.मी.वर असतं आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मि.मी., खसखशीच्या दाण्याएवढा. म्हणजे मी श्वास धरून, अंग सावरून अगदी बरोबर नेम धरला तरी दोन गुण रायफलच खाणार. २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलाने ऐन पात्रता फेरीत दगा दिला, तो सगळ्या देशाने पाहिला. मी काही ऑलिंपिकला निघालेलो नाही. पण रविवारी लूम बंद असताना शेडमधल्या १० मीटरच्या बोळात उभा राहतो तेव्हा निदान चूक माझी आहे की नाही एवढं तरी मला कळलं पाहिजे.

गळतीवर आपलं तांत्रिक उत्तर असं आलं : "सोलापूरच्या उष्णतेमुळे दाब कमी होत असावा." महोदय, उन्हाने हवा फुगते. बंद भांड्यात ती फुगली की दाब वाढतो, कमी होत नाही. आमच्याकडे सूत घेऊन येणारा टेम्पोवालासुद्धा मे महिन्यात टायरमध्ये हवा बेताने भरतो. सोलापूरच्या उन्हाला नावं ठेवायचीच असतील तर दुसरी पुष्कळ कारणं आहेत, ती आम्ही देऊ.

आता खरी तक्रार. वस्तू खराब निघू शकते, गोदामात घोळ होऊ शकतो. मीही व्यापारी आहे, माझ्याही गठ्ठ्यात कधी डागी टॉवेल जातो. तो मी परत घेतो. ७ एप्रिलला मी आपल्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "सर, शस्त्रांना रिटर्न नसतं. गव्हर्नमेंट रूल आहे." कुठला नियम, असं विचारलं तर "वरिष्ठांशी बोलून सांगतो." ८ आणि २१ एप्रिलला मी ईमेल पाठवले. २४ एप्रिलला जे उत्तर आलं त्यातही नियमाचा क्रमांक नाही, नुसता 'शस्त्र' हा शब्द चार वेळा आहे.

जानेवारीत आपलाच माणूस मला काय सांगत होता? "काही काळजी करू नका, लायसन लागत नाही, हे खेळाचं साहित्य आहे." ते त्याने बरोबर सांगितलं होतं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी. नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. माझी, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आणि १७० चा वेग धरला तर, आठ ज्यूलसुद्धा भरत नाही. आपण ओळखपत्राची प्रत घेतली, मी दिली, विषय संपला. (तोच माणूस ओघात "कबुतरं पण पडतात सर" असंही म्हणाला होता. आम्ही नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या शेजारचे लोक. पक्षी मारायला मदत होईल असं सांगून रायफल विकणाऱ्याला आपण आधी कामावरून नाही तरी फोनवरून तरी बाजूला करा.)

शस्त्र कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या शेतावर रानडुकरांसाठी वडिलांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर जाऊन आणायची. नूतनीकरणासाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. वडील गेल्यावर ती आम्ही परवानाधारक विक्रेत्याला विकली. त्या म्हाताऱ्या विक्रेत्याने नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली, क्रमांक भिंगातून वाचला, कागदाशी ताडला, मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावला आणि मगच वहीत उतरवला. एक आकडा चुकला असता तर त्याचा धंदा गेला असता. आपल्याला माझी रायफल जर खरंच शस्त्र वाटत असेल, तर भलत्याच क्रमांकाचं पत्र पेटीत घालून पाठवताना ते कुणाला वाटलं नाही का? आणि पावतीवर 'क्रीडा साहित्य' कुणी लिहिलं?

हा शब्दांचा खेळ मला इथेही भोवला. आपण म्हणालात, "स्वखर्चाने कुरिअर करा, पाहून कळवू." नव्या पेठेतल्या दोन कुरिअरवाल्यांकडे पेटी घेऊन गेलो. पावती दाखवली. एकाने पेटीच्या आकाराकडे पाहूनच हात जोडले. दुसऱ्याने पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही काहीही म्हणा, ही बंदूकच आहे." आपल्याकडून येताना ती ट्रान्सपोर्टने सुखरूप आली होती, तेव्हा नेण्याची व्यवस्थाही आपणच करायची आहे.

२४ एप्रिलच्या पत्रात आपण दोन पर्याय दिलेत. पहिला, नवीन सिलेंडर १० टक्के सवलतीत विकत घ्या. म्हणजे आपल्या चुकीवर मला सूट. दुसरा पर्याय त्याहून भारी, तो जसाच्या तसा उतरवतो : "या मॉडेलला सेकंडहँड मार्केटमध्ये चांगली मागणी असून आपण ते सहज विकू शकता."

विकू शकतो, खरं आहे. या छंदात रायफली हात बदलत असतातच. कुणी डाव्या हाताचा निघतो, कुणाची पाठ धरते, कुणाला पिस्तूल आवडायला लागतं. पण घेणारा पहिला प्रश्न काय विचारतो ते आपल्याला माहीत आहे ना? "सिलेंडर कुठल्या सालचा?" मी खरं सांगितलं तर निम्मेही पैसे येणार नाहीत. खोटं सांगितलं तर उद्या एखाद्या गावातला कुणी पोरगा, बापाने भिशी मोडून दिलेल्या पैशात, हीच म्हातारी घरी नेणार आणि निशाण लागत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसणार. पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं कांस्य आल्यापासून आमच्याकडची किती मुलं चौकशी करतात, आपण पाहता. आपल्या जाहिरातींत त्या पदकाचा उल्लेख असतोच. ती मुलं सिलेंडर फिरवून तारीख वाचणारी नाहीत. मीही नव्हतो. म्हणून ही रायफल मी कुणाला विकणार नाही, ती आपल्याकडेच परत येईल.

आपण सुरुवातीलाच 'ही डेमोची आहे' किंवा 'एका ग्राहकाकडून परत आलेली आहे' असं सांगितलं असतं, तर कदाचित योग्य किमतीत मी तीच घेतली असती. हे मी आपल्या विक्री प्रमुखांनाही फोनवर सांगितलं. त्यांनी "नोंद घेतो" म्हटलं.

माझी मागणी : याच मॉडेलची नवीन रायफल द्यावी, तिच्या निशाणपत्राचा क्रमांक रायफलीशी जुळणारा असावा आणि सिलेंडर उत्पादनापासून एक वर्षाच्या आतला असावा. ते जमत नसेल तर २,३४,५०० रुपये परत करावेत. दोन्हींत ने-आण आपल्या खर्चाने. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवं, फोनवरचं नको. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांच्या आतल्या दाव्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मला घाई नाही. गिऱ्हाइकाकडून उधारी वसूल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

सोबत पावतीची प्रत, सिलेंडरवरच्या तारखेचा फोटो, दोन्ही क्रमांकांचे शेजारी-शेजारी काढलेले फोटो, वेगाच्या नोंदी आणि आपलं २४ एप्रिलचं उत्तर जोडलं आहे. मूळ कागद माझ्याकडेच राहतील.

रायफल पेटीत आहे, सिलेंडर पूर्ण रिकामा करून वेगळा गुंडाळून ठेवला आहे. न्यायला येणाऱ्याने आपलं पत्र आणि ओळखपत्र आणावं. त्याच्यासमोर क्रमांक वाचून पोच लिहून घेतल्याशिवाय पेटी देणार नाही. येण्याआधी संध्याकाळी सातनंतर फोन करावा. दिवसा लूम चालू असतात, रिंग ऐकू येत नाही.

आपला,
(सही)
अक्कलकोट रोड, सोलापूर