पीएचडीच्या जाहिराती निघतात, पण पोरांपर्यंत पोचत नाहीत

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, विद्यापीठातली पोरंपोरी रोज येतात, त्यात माझी धाकटी बहीण एमएस्सी फिजिक्स झाल्यापासनं दोन वर्षं पीएचडीच्या मागं आहे म्हणून हे लिहायला बसलो.

आमची समजूत अशी की नेट या परीक्षेतनं जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तरच पैसे, नाहीतर घरचे घालायचे. जेआरएफला महिन्याला ३७ हजार आणि दोन वर्षांनी एसआरएफ (तिचीच पुढची पायरी) झाल्यावर ४२ हजार, २०२३ पासनं हा दर आहे, ते पैसे पोराच्या नावावर असतात. पण सरांच्या प्रोजेक्टला केंद्राचा निधी आला की त्यातनं पण पोरं घेतात हे कळायलाच आमचं वर्ष गेलं! ती जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर कुठंतरी पीडीएफमध्ये पडलेली असते आणि मुदत बऱ्याचदा पंधरा-वीस दिवसांची. परवा एका पोरीनं अशीच जाहिरात प्रिंटला पाठवली, कागद मशीनमधनं गरमगरम बाहेर आला आणि तिनं शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं, दोन दिवस आधीच होऊन गेलेली. काही बोलली नाही, पैसे दिले, कागदाची घडी घातली आणि गेली. मला दिवसभर चैन पडलं नाही.

बहिणीला अशीच एका प्रोजेक्टवर जागा मिळाली, पेढे वाटले आम्ही. तिथं गेल्यावर कळलं की तीन वर्षांच्या प्रोजेक्टचे चौदाच महिने उरलेत, आणि प्रोजेक्टवर लागणं म्हणजे पीएचडीचं रजिस्ट्रेशन नव्हे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. पैसे संपले, पोरगी घरी आली. म्हणून इंटरव्ह्यूतच विचारा, प्रोजेक्टचे महिने किती उरले, रजिस्ट्रेशन कुठल्या विद्यापीठात आणि निधी संपल्यावर फेलोशिप कशातनं. विचारायला लाजू नका, चार-पाच वर्षांचा प्रश्न असतो.

इंजिनिअरिंगवाल्यांनी गेट परीक्षेचा स्कोअर नुसता एमटेकपुरता धरू नये, प्रोजेक्टच्या बऱ्याच जागांना तो चालतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत त्या वेगळ्याच. जर्मनीत तर पीएचडी बऱ्याचदा पगारी नोकरीच असते, करार करून घेतात. युरोपातल्या मेरी क्युरी फेलोशिपच्या जागांना एक मोठी अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत जिथं जागा आहे त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, म्हणजे आपल्या कागल-गडहिंग्लजच्या पोराला ती आडवी येतच नाही, पण त्याला सांगणार कोण?

साहेब, नोकरीच्या जाहिराती तुम्ही छापताच, तसा आठवड्यातनं एकदा छोटा चौकोन याला द्या. संस्था, विषय, महिन्याचे पैसे, शेवटची तारीख, बास. मी तो कापून दुकानाच्या काचेवर लावीन.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर