पग की डॅशहुंड?

अमळनेर,
२० जून

प्रिय बापू,

घरात कोणता कुत्रा आणावा, याचा तू फोनवर एका वाक्यात निकाल लावलास, 'पग घे, पोरांना लळा लागतो.' तेव्हा मी हो म्हणालो, पण मन मानत नव्हतं. महिनाभर या एकाच विषयावर घरात इतकी खलबतं झालीत की बहिणीच्या लग्नात झाली नव्हती.

गावठी का नाही, हे तू विचारणारच. कॉलेजात आपल्या डब्यावर वाढलेला मोत्या मी विसरलेलो नाही. पण आईच्या मनगटाचं हाड गेल्या वर्षी मोडलं, तिच्या हातून साखळी ओढून पळेल असा कुत्रा घरात नको. दुपारभर घरी तीच असते. म्हणून लहान जात. धाकट्या लेकीची मागणी अर्थातच पगची. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीची ती पगवाली जाहिरात आली तेव्हापासून पगला या देशात वशिला लागत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली होती, तेव्हा आम्ही सगळे जळगावला एकांकडे पग बघायला गेलो. दुपारी चारची वेळ, बाहेर ४४ डिग्री. कुलर चालू होता, तरी तो पग फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडला होता. धाकटीला बघून उठला, शेपटीची वेटोळी हलवली, तिच्या मांडीत डोकं खुपसलं. गुणी जात, त्यात वाद नाही. पण मी शेजारी बसून त्याचा श्वास ऐकत होतो. लाकडावर करवत चालावी तसा आवाज. घरातली बाई कौतुकाने म्हणाली, 'झोपेत तर आमच्या ह्यांच्यापेक्षा जास्त घोरतो.' सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

परत आल्यावर आपल्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी नीट समजावलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यातून अंगातली उष्णता बाहेर जाते. पगचं नाक चेपलेलं, नाकपुड्या अरुंद, टाळूचं मांस घशात लोंबणारं. हवा आत घ्यायलाच त्याला इतकी मेहनत पडते की त्या मेहनतीनेच अंग अजून तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. आणि पावसाळ्यात कुलरची हवा ओलसर झाली की धापा टाकूनही फायदा कमी. आता सांग, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वीज गेली तर आईने काय करायचं? ओलं फडकं घेऊन त्याच्याजवळ बसायचं? तुझ्या पुण्यात पग सुखाने नांदेल रे, खान्देशात त्याला आणणं मला पाप वाटतं.

मग दुसरा उमेदवार, डॅशहुंड. चोपड्याजवळ ओळखीच्यांच्या केळीच्या मळ्यात एक मादी आहे, जून लागताच व्याली. मागच्या रविवारी गेलो तर पिलांचे डोळे नुकते उघडलेले, आणि बाईसाहेब पिलं सोडून ठिबकच्या नळीजवळची ओली माती उकरत होत्या. पुढचे पाय म्हणजे फावडी! पाच मिनिटांत छातीपर्यंत आत. मूळ जर्मनीची जात, बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या जनावरामागे सोडायची, नावाचा अर्थही तोच, बॅजरचा कुत्रा. त्यामुळे उकरणं, हट्ट आणि अंगाच्या मानाने चौपट मोठं भुंकणं हे सोबत येणारच. धान्याच्या कोठीतले उंदीर ऐकून मी मनात म्हटलं, चला, याला पगाराची नोकरी आहे. आईने मोबाइलवर फोटो पाहिला आणि विचारलं, 'येना पाय कोठे गयात?'

खोड तिथेच आहे, पायात आणि पाठीत. पाठ लांब, पाय आखूड, त्यामुळे मणक्यांमधली गादी सरकते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. जिने चढणं-उतरणं, दिवाणावरून उड्या मारणं बंद. आणि आमचं घर तुला माहीत आहे, धाब्याचं, लाकडी जिना उभा, उन्हाळाभर सगळे वर झोपतात. इथे मी दोन दिवस अडलो. पण विचार केला, उन्हाळा मला बदलता येत नाही, जिना येतो. जिन्याला खाली फळी लावीन, ओट्याला उतार करीन. रात्री वर जाताना गोधडी, तांब्या आणि कुत्रा! एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, पाठ सरळ, असं उचलायचं डॉक्टरांनी दाखवलंय. वजन मात्र वाढू द्यायचं नाही, फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. म्हणजे खरी लढाई आईशी. शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालण्यावर तिचा हात बसलेला, आणि त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विष. तिला सांगितलं तर म्हणाली, मोत्याने काय खाल्लं होतं मग?

एका विक्रेत्याने महिन्याचं पिल्लू 'आजच घेऊन जा' म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, हे सांगितल्यावर त्याने मलाच कायदेपंडित ठरवलं. चोपड्याचे लोक मात्र स्वतःच म्हणाले, ऑगस्टच्या आत देणार नाही. तोवर पहिली लसही होईल, रेबीजची मग पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर.

धाकटी दोन दिवस रुसली होती. काल मळ्यातला व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

तू श्रावणात येशील तेव्हा छातीवरून बांधायचा पट्टा घेऊन ये, गळ्याचा नको, मानेला हिसका बसतो. इथे तयार मिळतात ते सगळे मोठ्या कुत्र्यांचे. माप पुढच्या पत्रात. नाव अजून ठरलं नाही, पण आईने त्याला आत्ताच 'लांब्या' म्हणायला सुरुवात केलीय, आणि जिन्याखालची जुनी कणगी हलवून जागा करून ठेवलीय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना