२९ लाख प्रेक्षकांचे शहर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या संघांच्या स्थलांतराविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेले टिपण वाचले. ओकलंडचा बेसबॉल संघ, अ‍ॅथलेटिक्स, शहर सोडून का गेला याचे कारण त्यात एका ओळीत उरकले आहे : तिथे प्रेक्षकच येत नव्हते. मी ओकलंडच्या दक्षिणेला फ्रीमाँटमध्ये गेली २६ वर्षे राहतो. मूळचा कोल्हापूरचा. या संघाचे सामने पाहत माझी मुलगी लहानाची मोठी झाली. ती एक ओळ वाचून राहवेना, म्हणून हे पत्र.

प्रेक्षक कमी झाले होते, हे खरेच आहे. २०२२ च्या अख्ख्या हंगामात मिळून आठ लाखसुद्धा तिकिटे खपली नाहीत. मोठ्या लीगच्या तीस संघांत हा सर्वांत कमी आकडा होता. पण या मैदानाने त्याहून वाईट दिवस आधीही पाहिले होते. १९७९ मध्ये हंगामभरात प्रेक्षक आले अवघे ३ लाख ६ हजार. त्या एप्रिलमधल्या एका सामन्याला तर अधिकृत नोंद ६५३ माणसांची आहे. आणि हाच संघ १९७२, ७३ आणि ७४ असा सलग तीनदा जगज्जेता झालेला! तेव्हाचे मालक चार्ली फिनली यांनी त्या संघातले मोठे खेळाडू एकेक करून घालवले होते आणि संघ डेन्व्हरला विकण्याची त्यांची बोलणी सुरू होती. ओकलंडला बेसबॉल पेलत नाही, असे तेव्हाही छातीठोकपणे सांगितले जायचे.

१९८० मध्ये वॉल्टर हास यांच्या कुटुंबाने संघ घेतला. लिव्हाय स्ट्रॉस ही जीन्सची कंपनी चालवणारे हे घराणे, याच भागातले. त्यांनी खेळाडू घडवण्यावर पैसा घातला, शाळांमधून, वस्त्यांमधून माणसे जोडली. ओकलंडमध्येच वाढलेला रिकी हेंडरसन १९८२ मध्ये १३० बेस चोरून, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच धावत पुढचा टप्पा गाठून, विक्रम करत होता, तेव्हा शहर त्याच्याकडे आपल्या घरचा मुलगा म्हणून पाहत होते. १९८९ मध्ये संघ पुन्हा जगज्जेता झाला आणि १९९० मध्ये प्रेक्षकांचा आकडा २९ लाखांवर गेला. शहर तेच, तेच काँक्रीटचे मैदान, कोलिझियम, शेजारचा तोच गजबजलेला महामार्ग. अकरा वर्षांत मालक तेवढे बदलले होते.

हास यांच्या उदारपणाची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढची बरीच गुंतागुंत तिच्यातून झाली. खाडीपलीकडचा सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा संघ त्या काळात अडचणीत होता आणि सॅन होजेकडे सरकू पाहत होता. हास यांनी त्या भागात संघ वसवण्याचा हक्क त्यांना एक पैसा न घेता देऊन टाकला. जायंट्स सॅन होजेला गेले नाहीत, पण हक्क त्यांच्याकडेच राहिला. पुढे अ‍ॅथलेटिक्सच्या मालकांना सॅन होजेत स्टेडियम बांधायचे होते, तेव्हा जायंट्सनी नकार दिला. ही मक्तेदारी आहे, असे म्हणत सॅन होजे शहर २०१३ मध्ये न्यायालयात गेले, पण १९२२ च्या एका निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिलेली आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला आणि तो रस्ता बंद झाला.

त्याआधी आमच्या फ्रीमाँटचाही नंबर लागला होता. २००६ मध्ये इथे स्टेडियम बांधायची घोषणा झाली, २००९ मध्ये ती गुंडाळली गेली. घोषणा ऐकून मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. घरापासून दहा मिनिटांवर सामने! आज वाटते, तेव्हाच ओळखायला हवे होते. ज्या मालकांची नजर सतत वेशीबाहेर लागलेली असते, ते वेशीच्या आत काय बांधणार?

कोलिझियम जुने झाले होते, यात वाद नाही. १९६६ चे बांधकाम. २०१३ मध्ये गटारीचे पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरले होते. अमेरिकन फुटबॉलच्या रेडर्स संघाला परत आणण्यासाठी १९९५-९६ मध्ये मैदानामागे गॅलऱ्यांची भलीमोठी भिंत उठवली, तिने ओकलंडच्या टेकड्यांचे दर्शनच हिरावले. रेडर्स पुढे लास वेगासला गेले ते गेलेच. तरीही त्या मैदानात जी मजा होती, ती मला दुसऱ्या कुठल्याही स्टेडियमात मिळाली नाही. बार्ट रेल्वेतून उतरून पुलावरून चालत जायचे. खाली पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या असायच्या, मांस भाजल्याचा वास येत असायचा. उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर ढोल वाजायचे. पहिल्यांदा ते ढोल ऐकले तेव्हा मला कोल्हापूरचे फुटबॉलचे शाहू स्टेडियमच आठवले. तिथे कृष्णवर्णीय, मेक्सिकन, फिलिपिनो, आमच्यासारखी देशी कुटुंबे, गोदीतले कामगार, शिक्षक असे सगळे खांद्याला खांदा लावून बसायचे. आमच्यासारख्या चौघांच्या कुटुंबाला खिशाचा विचार न करता जाता येईल, असे ते ठिकाण होते.

जॉन फिशर २००५ पासून मालकीत आहेत, २०१६ पासून कारभार त्यांच्या हाती आहे. २०१८ आणि २०१९ या दोन्ही हंगामांत संघाने प्रत्येकी ९७ सामने जिंकले. २०१९ ला १६ लाखांवर लोक आले, त्याच पडक्या म्हणवल्या जाणाऱ्या मैदानात. २०२० मध्ये गट जिंकला. मग मार्कस सिमियनला जाऊ दिले. २०२२ च्या मार्चमध्ये मॅट ऑल्सन आणि मॅट चॅपमन हे दोन लाडके खेळाडू काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना देऊन टाकले, वर्षअखेरीस शॉन मर्फीलाही. तिकिटांचे दर मात्र वाढवले. २०२२ मध्ये १०२ पराभव, २०२३ मध्ये ११२. दुकानातला माल काढून घ्यायचा, भाव वाढवायचे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून पेठेला दोष द्यायचा, याला काय म्हणावे?

१३ जून २०२३ ची रात्र मी विसरणार नाही. मंगळवार होता. चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' पुकारला होता : घरी न बसता मैदान भरून टाकायचे आणि दाखवून द्यायचे की आम्ही आहोत. पार्किंगमध्ये हिरवे टी-शर्ट फुकट वाटत होते, त्यावर एकच शब्द : विका. एरवी काही हजार डोकी दिसायची, त्या रात्री २७,७५९ आली. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळे स्टेडियम ठरवून गप्प झाले आणि मग एकदम गर्जना उठली, 'संघ विका! संघ विका!' माझी मुलगी बाकावर उभी राहून ओरडत होती. मला शब्द फुटत नव्हता. तळाला असलेल्या त्या संघाने त्या रात्री टँपा बेला २-१ हरवले. त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा देणारे विधेयक मंजूर केले. नोव्हेंबरमध्ये तीसही मालकांनी एकमताने स्थलांतराला होकार दिला.

ओकलंड महापालिका अगदी निर्दोष होती, असे मी म्हणणार नाही. बंदरावरच्या हॉवर्ड टर्मिनलच्या जागेचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला आणि वर्षानुवर्षे कागदांवर फिरत राहिला. स्टेडियमसोबत घरे, कार्यालये मिळून तो १२०० कोटी डॉलरचा पसारा होता. पण शहराने दार लावून घेतले नव्हते. २०२१ च्या जुलैत नगर परिषदेने अटींचा मसुदा मंजूर केला, त्यानंतरही बोलणी चालू होती. ती चालू असतानाच २०२३ च्या एप्रिलमध्ये लास वेगासच्या जमिनीची बातमी येऊन थडकली.

शहर छोटे म्हणून संघ टिकला नाही, असेही म्हणतात. ओकलंड एकटे चार-साडेचार लाखांचे, पण खाडीभोवतालचा हा सगळा पट्टा देशातल्या दहा मोठ्या टीव्ही बाजारपेठांत मोडतो. लास वेगास चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास आहे. आणि जायंट्सचे काय झाले ते पाहा. १९९२ मध्ये त्यांचा फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जायचा सौदा जवळपास पक्का होता. लीगच्या मालकांनी तो फेटाळला, स्थानिक लोकांनी एकत्र येऊन १० कोटी डॉलरला संघ घेतला आणि २००० मध्ये शहरातच, मुख्यतः खासगी पैशातून, पाण्याकाठी नवे स्टेडियम उभे केले. तेव्हा मालकांची लीग मध्ये पडली होती. ओकलंडच्या वेळी पडली नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना हे स्थलांतर समजूनच घेता येत नाही. आमच्याकडे फुटबॉलचे संघ पेठांमधल्या तालमींचे असतात. त्यांतली पाटाकडील तालीम उद्यापासून सोलापूरची, असे कोणी म्हटले तर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ आपसातले वैर विसरून रस्त्यावर येतील. संघ तालमीचा, तालीम पेठेची. तिथे विकायला कोणी मालकच नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक आले होते. ओकलंड ३-२ ने जिंकले. नंतर मैदानाची निगा राखणारे कर्मचारी लोकांना माती भरून देत होते. आखाड्याच्या मातीला हात लावून कपाळी लावणाऱ्या गावातला मी. मुलीने खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर माती घेतली, तेव्हा तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

आज हा संघ सॅक्रामेंटोजवळच्या सुमारे १४ हजार क्षमतेच्या मैदानात खेळतो. नावापुढे कुठल्याच शहराचे नाव नाही, नुसते 'अ‍ॅथलेटिक्स'. लास वेगासचे स्टेडियम २०२८ ला तयार होईल, असे सांगतात. इकडे वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये २०२४ पासून ओकलंड बॉलर्स हा छोट्या लीगचा नवा संघ खेळतो. त्याचे समभाग चाहत्यांनी घेतले आहेत आणि २०२५ मध्ये त्याने पायोनियर लीग जिंकली. मोठ्या लीगची जागा तो भरून काढत नाही. पण उजव्या बाजूचे ते ढोल तिथे पुन्हा ऐकू येतात.

संपादक महोदय, टँपा बेच्या संघाबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो आहे. २०२४ च्या चक्रीवादळाने त्यांच्या स्टेडियमचे छप्पर उडाले, २०२५ मध्ये मालक बदलले. त्यावर आपल्या पानावर लिहिणे होईल तेव्हा प्रेक्षकसंख्येसोबत त्या वर्षी कोणते खेळाडू विकले आणि तिकीट कितीला होते, तेही छापावे, ही विनंती. आणि ओकलंडचे नाव निघाले, तर २०२२ च्या आकड्याशेजारी १९९० चाही द्यावा.

आपला,
एक वाचक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया