घट्ट न झालेल्या जेलीविषयी

चि. निषाद यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखले. मैत्रिणीच्या निरोपासाठी तू मोठ्या हौसेने अननसाच्या जेलीचा केक केलास, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलास आणि सकाळी साच्याची कड सोडवताच वरचा सगळा पिवळा थर ओघळून ओट्यावर आला, हे सांगताना तू दोनदा थांबलास. त्यानंतर जे म्हणालास ते मात्र माझ्या मनाला लागून राहिले: "आई, माझ्या हाताला गुणच नाही, आता हे सगळे बंद." मी समजुतीचे चार शब्द बोलले, पण ते वरवरचे होते असे फोन ठेवल्यावर वाटले. म्हणून आज सवडीने लिहीत आहे.

बाळा, तुझ्या हाताचा यात काहीही दोष नाही. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते आणि प्रथिनांचे तुकडे करणे हेच त्याचे काम असते. जिलेटीन हे प्रथिनच आहे. त्याचे लांबलचक धागे थंड होताना एकमेकांत गुंततात, त्यांचे जाळे तयार होते, त्या जाळ्यात पाणी अडकून राहते आणि त्यामुळे जेली उभी राहते. तू त्यात कच्च्या फोडी घातल्यास आणि ते विकर रात्रभर हे धागे तोडत राहिले. थंडीत त्याचे काम मंदावते, पण थांबत नाही, त्यामुळे आणखी चार तास वाट पाहिली असतीस तरी जेली घट्ट झाली नसती.

गेल्या वर्षी हीच कृती उत्तम जमली होती, मग आताच काय झाले, असे तू विचारलेस. गेल्या वर्षी तू डब्यातला अननस वापरला होतास. डबाबंद करताना फळ चांगले तापवले जाते आणि त्या उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होते. या वेळी मैत्रिणीसाठी अधिक चांगले काही करावे म्हणून तू ताजे फळ निवडलेस, स्वतः सोललेस, सुरीच्या टोकाने त्याचा एकेक डोळा काढलास, आणि नेमका त्या जास्तीच्या मेहनतीनेच घात केला. याचे वाईट वाटणे अगदी स्वाभाविक आहे, मलाही वाटले. पुढच्या वेळी फोडी थोड्या साखरेबरोबर पाच-सात मिनिटे चांगल्या उकळून घे, पूर्ण गार होऊ दे आणि मगच जिलेटीनमध्ये घाल. किवी, पपई आणि ताजे अंजीर यांच्यातही अशीच विकरे असतात, तेव्हा त्यांच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेव. अगर-अगर वापरलेस तर हा प्रश्न मुळातच येत नाही, कारण ते समुद्री शेवाळापासून मिळणारे कर्बोदक आहे, प्रथिन नव्हे. मात्र ते नीट उकळावे लागते, खोलीच्या तापमानाला येण्याआधीच ते घट्ट होऊ लागते, आणि एकदा घट्ट झाले की ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही, त्यामुळे जिलेटीनसारखे ते जिभेवर विरघळत नाही. या केकसाठी मी तरी फळ उकळून जिलेटीनच वापरले असते.

तुझा हा नाद सुरू झाल्यापासून तू कृती अतिशय काटेकोरपणे पाळतोस, आणि त्याचे मला कौतुक आहे. परंतु कृती लिहिणाऱ्याने तुझे फळ पाहिलेले नसते. मैदा, साखर, लोणी यांचा स्वभाव या पुड्यातून त्या पुड्यात फारसा बदलत नाही. फळाचे तसे नाही. ते कोणत्या जातीचे आहे, किती पिकले आहे, किती दिवस ठेवलेले आहे, यावर त्यातले पाणी, साखर आणि आंबटपणा बदलत जातात. फळाचे पदार्थ करायचे तर कृती उघडण्याआधी फळ कापून, हुंगून, एक फोड खाऊन पाहायला हवी, एवढेच मला या पत्रातून तुला सांगायचे आहे.

मागच्या सुटीत तू सफरचंदाचा पाय, म्हणजे मैद्याच्या कवचात फळाचे सारण भरून भाजलेला पदार्थ, केला होतास, तो आठव. वरचे कवच सोनेरी, खुसखुशीत झाले होते आणि घरभर दालचिनीचा वास दरवळत होता. तू आम्हांला वरचा भाग वाढलास आणि खालचा ओला, कच्चट राहिलेला थर चमच्याने खरवडून, आमचे लक्ष नाही असे समजून, कचऱ्याच्या डब्यात टाकलास. मी ते पाहिले होते. तेव्हा बोलले नाही, कारण तुला आणखी ओशाळे वाटले असते, पण बोलायला हवे होते असे आता वाटते. सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणीच असते. फोडींना साखर लागली की ती हे पाणी बाहेर ओढते आणि ते सारे खालच्या कवचात मुरते. यावर उपाय असा की फोडी साखर लावून अर्धा-पाऊण तास चाळणीत ठेवायच्या, खाली ठिबकलेला रस वाया न घालवता मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा आणि तो पुन्हा फोडींवर ओतायचा. पाणी जाते आणि स्वाद राहतो. थोडे कॉर्नफ्लोअरही लागतेच, पण सारण मधोमध खदखदून बुडबुडे येईपर्यंत ते आपले काम पूर्ण करीत नाही, म्हणून कवचाला रंग आला एवढ्यावरून पाय ओव्हनबाहेर काढू नकोस. धातूचे भांडे घेऊन ते आधीच तापलेल्या ट्रेवर, खालच्या कप्प्यात ठेवलेस तर तळालाही नीट आच मिळेल. आणि पाय कापण्याआधी तीन-चार तास तरी गार होऊ दे, कारण रस गार होता होताच आळतो. हे शेवटचे तुला सर्वांत जड जाते, हे मला ठाऊक आहे.

सफरचंदाची जातही महत्त्वाची असते. ग्रॅनी स्मिथ हे हिरवे, आंबट, टणक सफरचंद १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया अॅन स्मिथ या बाईंच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून आले. आजही पायसाठी ते आवडीने वापरले जाते, कारण भाजल्यावरही त्याच्या फोडी आपला आकार सोडत नाहीत. मऊ, गोड सफरचंदाचा भाजताना लगदा होतो. त्याचा पाय करू नये, त्याचा गर शिजवून केकच्या मिश्रणात घालावा, तिथे तो फार छान लागतो.

केळ्याच्या बाबतीत तुझा हात खरोखर बसला आहे. त्या दिवशी साल काळी पडलेली केळी मी टाकायला काढली होती आणि तू ती माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलीस. तुझे बरोबर होते. कच्च्या केळ्यात भरपूर स्टार्च असतो आणि पिकताना त्याची हळूहळू साखर होते, म्हणून ठिपके पडलेले केळे नुसते मऊच नसते, तर बरेच अधिक गोडही असते. तू त्या दिवशी कृतीतली साखर न विचारता कमी केलीस, मिश्रण मैदा दिसेनासा होताच ढवळायचे थांबवलेस आणि ब्रेडच्या मधोमध काडी घालून ती कोरडी येईपर्यंत धीर धरलास. फळ पाहून कृती बदलायची, हे तू तेव्हा कुणी न शिकवता केलेस. फक्त साखर किती कमी केलीस ते कुठेच लिहून ठेवले नाहीस आणि पुढच्या खेपेला तोच ब्रेड फिका झाला.

म्हणून एक वही कर, असा माझा आग्रह आहे. मी २६ वर्षे प्रयोगशाळेत काम केले. तिथे प्रयोग फसला की आम्ही ते पान फाडत नसू, त्यावर तारीख घालून काय काय घातले आणि काय झाले ते लिहीत असू. तूही फळाचे नाव, ते किती पिकले होते, सोलल्यावर किती ग्रॅम भरले, साखर किती घातली, ओव्हन किती अंशांवर होता आणि पदार्थ किती मिनिटांनी बाहेर काढला, हे लिहीत जा. कपाने मोजणे सोड, छोटा वजनकाटा वापर. तोच कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम होतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो, मग मफिन कधी मऊ तर कधी दडस झाले तर नवल नाही. लहान ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत १५-२० अंशांचा फरक सहज असू शकतो, तेव्हा आत ठेवायचा तापमापकही घे.

ब्लूबेरी मफिनमध्ये प्रत्येक फळाभोवती हिरवट कडे दिसले आणि बुरशी समजून तू सगळे मफिन टाकून दिलेस, हे तू मागे सांगितले होतेस. ती बुरशी नव्हती. त्या फळातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात तांबूस दिसते आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या सहवासात निळसर-हिरवे होते. सोडा जरा जास्त झाला होता, एवढाच त्याचा अर्थ. सोड्याला फुलायला दही, लिंबू असे काहीतरी आंबट लागते. तेवढे आंबट नसेल तर उरलेला सोडा रंग बिघडवतो आणि जिभेवर साबणासारखी चव ठेवतो. बेकिंग पावडरमध्ये मात्र सोड्याबरोबर आम्ल आधीच मिसळलेले असते.

या बेकिंग पावडरीची हकीकत मला फार आवडते. इंग्लंडमधील अल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसे. त्याने तिच्यासाठी आधी, १८३७ साली, अंड्यांशिवायची कस्टर्ड पावडर केली आणि मग १८४३ साली यीस्टविना फुलवणारी बेकिंग पावडर केली. जिच्यासाठी करायचे तिला काय चालते, काय चालत नाही, हे त्याने प्रथम पाहिले. तुझ्या खोलीवर दर शनिवारी आठ-दहा मुले-मुली जमतात. त्यांपैकी कुणाला दाण्याची किंवा सुक्यामेव्याची अॅलर्जी आहे, कुणाला दूध चालत नाही, हे तू विचारले आहेस का? जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, तेव्हा जे शाकाहारी आहेत त्यांना ते आधी सांगायलाच हवे. ही गोष्ट मी सौम्यपणे लिहीत असले तरी ती टाळता येण्यासारखी नाही.

मित्र म्हणतात की पैसे घेऊन ऑर्डरी घे. माझे मत विचारशील तर आत्ता घेऊ नकोस. पैसे घेतले की चुकायला मोकळीक राहत नाही, आणि तुला अजून पुष्कळ चुकायचे आहे. परीक्षेच्या आठवड्यात कुणाचा केक आणि कुणाचा वाढदिवस यांत तू अडकावेस असेही मला वाटत नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर याच वाटेने जावेसे वाटले तर आपण सर्व बाजूंनी बोलू, तेव्हा मी अडवणार नाही.

अडवले होते ते पूर्वी. परीक्षेच्या वर्षी तू रात्री अकरा वाजता संत्र्याची साल किसत बसला होतास, पांढरा कडू भाग येऊ नये म्हणून एकेक फेर हलक्या हाताने किसत होतास, आणि मी दारातून विचारले होते, "याने काय मिळणार आहे?" तू काही न बोलता किसणी धुऊन ठेवलीस. त्यानंतर कितीतरी दिवस ओव्हन बंद होता. तो प्रश्न मी विचारायला नको होता. तासभर मान वर न करता, कुणी न सांगता इतके नीट काम करणारा मुलगा मला दिसत होता आणि मी त्याला पुस्तक दाखवत होते. रविवारी तू "बंद" म्हणालास तेव्हा मला ती धुऊन ठेवलेली किसणीच आठवली.

सुटीत येशील तेव्हा एक चांगला पिकलेला अननस आणून ठेवीन. त्याचे दोन भाग करू, एक कच्चाच ठेवू आणि एक उकळून घेऊ. जिलेटीन दोन्हींना सारखेच, वजन करून घालू, दोन वाट्यांवर चिठ्ठ्या लावून रात्री फ्रिजमध्ये ठेवू आणि सकाळी तू स्वतः उघडून पाहा. वही येतानाच घेऊन ये, पहिले पान या प्रयोगासाठी कोरे ठेव.

तुझी,
आई