मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या त्या दोघांचे आभार

घरी जोडलेला माझा पीसी व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला, लावला की आपोआप रीस्टार्ट व्हायचा. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, खटकन बंद आणि पुन्हा चालू. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, इतकंच त्यातून कळतं. कारण कळत नाही.

एकाने मदरबोर्डच बदलायला सांगितला होता. तुम्ही मात्र, काका, काही विकायच्या आधी रॅमची एकेक स्टिक लावून मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची चाचणी, चालवलीत. रॅम चोख निघाली. मग तुमच्याकडच्या मुलाने ग्राफिक्स कार्डवर लोड टाकून मल्टिमीटर धरला. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्याही खाली जात होती, आणि पाच टक्के फरक चालतो, त्या हिशेबाने ११.४ हीच शेवटची मर्यादा. दोष एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा! स्वतःच्या टेबलावरचा एसएमपीएस लावून तुम्ही माझं रेंडर पूर्ण होऊ दिलंत आणि मगच म्हणालात, "आता नवा घ्या."

तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. गर्दीच्या वेळी एवढा धीर कोण दाखवतं? काका, आणि न सांगता कॅबिनेटमधल्या वायरी नीट बांधून देणाऱ्या दादा, तुमचे मनापासून आभार.