मँचेस्टरहून आईला

प्रिय आई,

मी मजेत आहे, खोकला कधीच गेला, आणि परवा व्हिडिओ कॉलवर डोळे सुजलेले दिसले ते रडून नाही गं, रात्री दोनपर्यंत कादंबरी वाचत होते. तू लगेच बाबांना म्हणालीस ना, हिच्या डोक्यात ते हिरो बसलेत म्हणून एकही स्थळ पसंत पडत नाही, ऐकू आलं बरं का मला!

पुस्तकांवर पैसे उडवत नाही हे आधी सांगते. इथे चॅरिटी शॉप असतात, म्हणजे लोक घरातली जुनी पुस्तकं, कपबश्या, अगदी वारलेल्या आजीचे कोटसुद्धा पिशव्या भरभरून फुकट देऊन येतात, दुकान ते विकतं आणि पैसे कॅन्सरच्या संशोधनाला वगैरे जातात. काउंटरवरच्या बायका बऱ्याचदा बिनपगारी. वर देणारा इथे टॅक्स भरत असेल तर एक फॉर्म भरायचा, मग त्याच्या वस्तूंचे जेवढे पाउंड येतील त्या प्रत्येकामागे सरकार 25 पेन्स घालतं. आपली बोहारीण निदान एखादं पातेलं तरी द्यायची, इथे हातात काहीच नाही आणि तरी लोक खूश.

तर तिथूनच 'नॉर्थ अँड साउथ' आणली, 1855 साली आलेली कादंबरी. लिहिणाऱ्या गॅस्केलबाई इथेच राहायच्या, प्लायमाउथ ग्रोव्हवरचं त्यांचं घर अजून आहे. त्यातला थॉर्नटन गिरणीमालक, एकदम तुसडा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला तुझा लाडका डार्सी त्या लबाड विकमची देणी गुपचूप फेडतो, छानच, पण वर्षाला दहा हजार पाउंडवाल्याला त्याची काय झळ? थॉर्नटनचा बाप आत्महत्या करून गेलेला, हा पोरवयात कापडाच्या दुकानात आठवड्याला पंधरा शिलिंगवर, त्यातले तीन आई बाजूला काढायची, आणि पुढे बापाची जुनी देणी यानेच फेडली. गिरणी बुडायला आली तेव्हा सट्टा खेळत नाही, कारण हरला तर घेणेकऱ्यांचे पैसे जातील. सट्टा लागतो गं, बहिणीचा नवरा मालामाल, याची गिरणी जाते! आणि नायिका मार्गारेटने लग्नाला नकार दिल्यावरही तिच्या आजारी आईसाठी स्वतः निवडून फळांची टोपली रस्त्याने हातात घेऊन येतो, तिच्याकडे बघतसुद्धा नाही. असा माणूस मला खरा वाटतो.

तू म्हणशील 'स्वामी'तले माधवराव. मान्य. पण तुलाही ते पटतात ते दौलतीच्या कर्जाचा घोर नि काकांचा जाच सोसून रमाबाईंसाठी दोन घटका काढतात म्हणूनच ना?

बरं, माझा हप्ता भरून तीस हजार पाठवलेत, गच्चीचं काम पाऊस ओसरला की उरका आणि आजीच्या मोतीबिंदूला पुढची तारीख घेऊ नका. दिवाळीला यायचं जमत नाहीये, तिकिटं फारच महाग, पुढच्या वर्षी नक्की. बाबांना तूच सांग, मी सांगितलं की नुसते "बरं" म्हणतात. काकूंनी सुचवलेल्या मुलाशी रविवारी बोलते. पगार काकूंनी दोनदा सांगून झालाय, कर्ज किती आणि फेडतंय कोण एवढं मी विचारणार आहे, त्यांना आधीच कल्पना दे.

तुझी,
मनू